मामाचे डोळे, आईची किडनी, भावाचा मेंदू

धाकट्या भावाचा चालताना तोल जायला लागला. एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ दिसली, ऑपरेशनची तारीखही मिळाली. दुसरं मत घ्यायला गेलो, तर तिथल्या न्यूरोसर्जन बाईंनी आधी विचारलं, "घरात कुणाची दृष्टी गेली होती? कुणाला किडनीचा कॅन्सर?" मामा तरुणपणीच आंधळा झाला, आई किडनीच्या कॅन्सरने गेली. बाईंनी कागदावर आमची वंशावळ काढली. मामाचा चौकोन, आईचं वर्तुळ आणि भावाचा चौकोन काळा केला.

आजार व्हॉन हिपेल-लिंडाऊ. सुमारे ३६ हजारांत एकाला होणारा. तिसऱ्या गुणसूत्रावरचं, १९९३ साली सापडलेलं एक जनुक बिघडतं आणि मेंदूत, मणक्यात, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात.

बाईंनी ऑपरेशनआधी पोटाची तपासणी करायला लावली. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतही गाठ असली, तर भूल देताना रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो. पहिल्या ठिकाणी हे कुणी बोललंच नव्हतं, त्याचा राग अजून जात नाही.

म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: असे किती रुग्ण पाहिलेत? डोळे, किडनी, जनुकं बघणारे सोबत आहेत का? खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात आनुवंशिक कर्करोगाचा विभाग आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये या आजारासाठी बेल्झुटिफान या गोळीला मंजुरी मिळाली, तीही ऑपरेशन लगेच लागत नसेल तेव्हाच.

आता भावाच्या मुलीचं रक्त तपासायला दिलंय. शक्यता निम्मी-निम्मी. भावाच्या जनुकातला दोष तिच्यात नसेल, तर दरवर्षीच्या तपासण्यांतून ती सुटेल.