नाच्याला हसणारं गाव

गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यात नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला तिथं जातात. नाचणाऱ्या किती, वग कोणता, बिदागी किती, हे सगळं नीट विचारून घेतात. नाच्याची चौकशीही होते, पण डोळे मिचकावून. त्या डोळे मिचकावण्याबद्दलच हे चार शब्द.

पुरुषानं लुगडं नेसून उभं राहणं आपल्याला काही नवं नाही. तळकोकणातल्या दशावतारात राणीचं सोंग परंपरेनं पुरुषच घेतो. दिवसा शेतात राबलेला गडी रात्री देवळापुढं पदर सावरतो, तिथं कुणी फिदीफिदी हसत नाही. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) तर बातच न्यारी! घरंदाज बायका त्यांचं बघून लुगडं नेसायची ढब उचलत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

मग टिंगल नाच्याच्याच वाट्याला का? मला वाटतं, बालगंधर्व रंगमंचावर पुरती बाई होत. नाच्या बाई होत नाही, बायकी चालीचा पुरुषच राहतो. आणि ‘बायल्या’ ही तर आपल्याकडं पुरुषाला मोठी शिवी! त्यात तमाशा जगवला तो बहुतेक गावकुसाबाहेरच्या माणसांनी. त्यांच्या कलेला संगीत नाटकाचा मान कोण देणार?

आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला गुणा आपल्यातलाच. शेतमजूर, तालमीतला गडी, राजाचं काम करायची हौस. पण फडाला नाच्या मिळेना, म्हणून स्वतःच कंबर लचकवायला उभा राहिला. अंगातली रग मोडून तो हे सोंग शिकतो, आणि गाव, घर दोन्ही त्याला दुरावतं. २०१० साली त्यावर चित्रपट आला. गुणा झालेल्या अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं अंग कमावलं, मग नाच्यासाठी ते उतरवलं. थेटरात टाळ्या पडल्या. यात्रेतल्या नाच्याला मात्र शिट्ट्याच.

कोल्हापूरचे गणपत पाटील २००८ साली गेले. बायकापोरांचा संसारी माणूस, पण पडद्यावरचा नाच्या लोकांनी त्यांच्या अंगाला कायमचा चिकटवला. खलनायकाला कुणी घरी दरोडेखोर समजत नाही. इथंच कसं समजतात, कोण जाणे.

तेव्हा पंचमंडळींनो, यंदा सुपारी देताना दोन गोष्टी आपल्याकडून कबूल करा: स्टेजमागं नाच्याला कपडे बदलायला दिव्यासकट आडोसा, आणि खेळ सुटल्यावर फडाची गाडी हलेपर्यंत तिथं गावचे दोन जबाबदार गडी.