बायोप्सीच्या काचेवर दुसऱ्याच पेशंटचा तुकडा आला तर? लॅबमध्ये ही चूक कशी टाळतात, समजून घ्या

समजा, पोटाच्या तक्रारीसाठी एखाद्याची एंडोस्कोपी झाली. डॉक्टरांनी जठरातून तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. मायक्रोस्कोपखाली तो तुकडा नॉर्मल दिसतोय. पण त्याच काचेवर, थोडा बाजूला, कॅन्सरच्या पेशींचा एक छोटा पुंजका आहे.

आता प्रश्न असा, की हा पुंजका याच पेशंटचा आहे की याच्या आधी ज्याचा नमुना कापला त्याचा?

उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. परका पुंजका याचाच समजला, तर धडधाकट माणसाला कॅन्सरचा रिपोर्ट मिळणार. याचाच पुंजका परका समजून सोडून दिला, तर खरा कॅन्सर निसटणार.

अशा पाहुण्या तुकड्याला पॅथॉलॉजीत 'फ्लोटर' म्हणतात, म्हणजे तरंगत आलेला.

हे किती वेळा होतं?

कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने २७५ लॅबमध्ये याचा अभ्यास केला होता. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजचं काम करताना नोंदी ठेवल्या, तेव्हा ०.६ टक्के स्लाइड्सवर परका तुकडा सापडला. आधी तपासून झालेल्या स्लाइड्स पुन्हा पाहिल्या, तेव्हा हे प्रमाण २.९ टक्के निघालं.

आकडा वाचून घाबरून जाऊ नका. त्वचेच्या स्लाइडवर आतड्याचा कण आला, तर तो लगेच ओळखू येतो आणि रिपोर्टवर त्याचा परिणाम होत नाही. खरी पंचाईत होते ती एकाच अवयवाचे नमुने एकापाठोपाठ आले की. प्रोस्टेटच्या स्लाइडवर दुसऱ्याच्या प्रोस्टेटचा कण आला, तर तो वेगळा कसा ओळखणार?

तुकडा एका नमुन्यातून दुसऱ्यात जातो कसा?

भजी तळताना पहिल्या घाण्याचा चुरा तेलात राहतो आणि पुढच्या घाण्याला चिकटतो. इथेही तसंच होतं. फरक एवढाच, की काचेवरचा काप फक्त ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कणही मायक्रोस्कोपखाली मोठा दिसतो.

शरीरातून निघालेला तुकडा काचेवर पोचेपर्यंत बरेच टप्पे पार करतो. प्रत्येक टप्प्यावर धोका वेगळा आणि उपायही वेगळा.

१. कापण्याचं टेबल. फॉर्मालिनमध्ये आलेला नमुना इथे कापून कॅसेट नावाच्या जाळीदार प्लास्टिकच्या डबीत ठेवतात. मिरची कापलेली सुरी न धुता सफरचंद कापलं तर काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून नियम साधा आहे: एका वेळी टेबलावर एकाच पेशंटची बाटली उघडायची. ती संपली की सुरी, चिमटा, बोर्ड आणि हातमोजे स्वच्छ करूनच पुढची घ्यायची. सहज चुरा होणाऱ्या भुसभुशीत गाठी शेवटी कापायच्या. शक्य असेल तिथे सारख्या अवयवांचे नमुने पाठोपाठ घ्यायचे नाहीत. प्रोस्टेटनंतर त्वचा घेतली, तर चुकून आलेला कण निदान ओळखू तरी येतो.

२. टिश्यू प्रोसेसर. अनेक पेशंटच्या कॅसेट्स एकाच मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून एकत्र जातात. बारीक कण कॅसेटच्या छिद्रातून बाहेर पडू शकतो. म्हणून लहान बायोप्सी फिल्टर पेपरमध्ये गुंडाळतात किंवा बारीक जाळीच्या पिशवीत ठेवतात.

३. मेणात बसवणं. इथे गरम चिमट्याने तुकडा उचलून मेणाच्या साच्यात ठेवतात. थंड झाल्यावर त्याचा 'ब्लॉक' तयार होतो. चिमट्याच्या टोकाला मेणासोबत आधीच्या नमुन्याचा कण चिकटून राहू शकतो. त्यामुळे प्रत्येक तुकड्यानंतर चिमटा पुसणं आणि एका वेळी एकच कॅसेट उघडणं, याला पर्याय नाही.

४. पाण्याचं भांडं. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ब्लॉकचे पातळ काप काढतात. त्यांच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून ते कोमट पाण्यावर तरंगवतात आणि खालून काच घालून उचलतात. आधीच्या ब्लॉकचा कण पाण्यावर राहिला असेल, तर तोही काचेवर येतो. उपाय म्हणजे प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याच्या पृष्ठभागावरून टिश्यू पेपर फिरवायचा, दुधावरची साय काढावी तसा. पाणीही वेळोवेळी बदलायचं. काचेवरचा नंबर आणि ब्लॉकचा नंबर त्याच क्षणी जुळवून पाहायचा.

५. रंग देणं. पेशी दिसाव्यात म्हणून काच हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिन या रंगांत बुडवतात. पण त्याआधी झायलीन आणि अल्कोहोलच्या डब्यांतून जावं लागतं. काचेवर नीट न चिकटलेला काप इथे सुटतो आणि नंतर येणाऱ्या दुसऱ्या काचेवर जाऊन बसतो. म्हणून ही द्रावणं ठरलेल्या वेळी गाळायची किंवा बदलायची आणि काचा आधी नीट वाळवायच्या.

तरीही शंका आली तर?

पॅथॉलॉजिस्ट आधी तो तुकडा कुठे आहे ते पाहतो. मुख्य कापापासून सुटा आहे का? फोकस वेगळ्या पातळीवर लागतोय का? तसं असेल तर तो वरून येऊन बसलेला असू शकतो.

मग मूळ ब्लॉकमधून नवे काप काढतात. पाण्यात किंवा रंगाच्या डब्यात चिकटलेला कण नव्या कापांत दिसत नाही. पण कण मेणाच्या आतच अडकला असेल, तर तो नव्या कापांतही येतो. तेव्हा त्या दिवशी लॅबमध्ये आधी-नंतर कोणाचे नमुने होते, हे रजिस्टरवरून तपासतात.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही, तर डीएनए चाचणी असते. पितृत्व तपासायला वापरतात तीच पद्धत इथे वापरून दोन तुकडे एकाच माणसाचे आहेत का, हे ठरवता येतं. गरज पडल्यास पेशंटकडून नवा नमुनाही मागतात.

तुम्ही काय करू शकता?

बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नाही. लॅब मेणाचे ब्लॉक आणि काचा जपून ठेवते, त्यामुळे तपासणी पुन्हा होऊ शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये बाहेरून आलेल्या पेशंटचे ब्लॉक आणि स्लाइड्स पुन्हा तपासले जातात, ते याचसाठी.

त्यामुळे रिपोर्ट आणि लक्षणं जुळत नसतील, किंवा मोठं ऑपरेशन किंवा किमो सुरू होणार असेल, तर 'स्लाइड रिव्ह्यू करून घेऊ का?' असं डॉक्टरांना जरूर विचारा. लॅबकडून ब्लॉक घेताना नाव आणि नंबर तपासा आणि पोचपावती जपून ठेवा.

आणि रिपोर्टला दोन दिवस जास्त लागले, 'पुन्हा काप काढतोय' असं लॅबने सांगितलं, तर चिडू नका. काचेवरचा तुकडा तुमचाच आहे ना, याची खात्री तिथे कोणीतरी करून घेत असेल.