एका इन्स्ट्रक्शनची भर

प्रोग्रामच्या कोणत्या भागात किती वेळ जातो याचं प्रोफाइल काढलं, तेव्हा बहुतेक वेळ एकाच लूपमध्ये जात होता: सीआरसी-३२. आलेला डेटा वाटेत बिघडला का, हे तपासणारं हे गणित इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमला लागतं. दर बिटाला एक फेरी: उजवीकडे सरकवा, बाहेर पडलेला बिट १ असेल तर ठरलेल्या आकड्याशी एक्सऑर करा. १ केबीला ८,१९२ फेऱ्या, आणि एकेका फेरीत अनेक इन्स्ट्रक्शन. २५६ नोंदींचा तक्ता ठेवला की फेऱ्या आठपट घटतात. पण तक्ताच १ केबी जागा खातो, आणि छोट्या चिपमध्ये तेवढी मेमरीही जपून वापरावी लागते.

हार्डवेअरच्या नजरेने पाहिलं तर इथे लूपची गरजच नाही. उत्तराचा प्रत्येक बिट म्हणजे आत आलेल्या काही ठरावीक बिटांचं एक्सऑर. म्हणून एफपीजीएवरच्या, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं बदलता येणाऱ्या चिपवरच्या, रिस्क-फाइव्ह प्रोसेसरला आम्ही नवं इन्स्ट्रक्शन दिलं. २०१० मध्ये बर्कलीत सुरू झालेल्या या रचनेत अशा कामासाठी जागा राखून ठेवलेली आहे. शेवटचे सात बिट ०००१०११ असलेली इन्स्ट्रक्शन वापरणाऱ्याने हवी तशी ठरवावीत. एका रजिस्टरमधून जुना सीआरसी, दुसऱ्यातून ३२ बिट डेटा, उत्तर तिसऱ्यात. १ केबीला अशी २५६ पुरतात. कंपायलर हे नवं इन्स्ट्रक्शन आपणहून वापरत नाही. सी कोडमध्ये असेंब्लीची ओळ घालावी लागते.

तपासायला '१२३४५६७८९' ही नऊ अक्षरं देतात. उत्तर सीबीएफ४३९२६ यायला हवं. नऊला चारने भाग जात नाही, त्यामुळे उरलेल्या एका बाइटसाठी वेगळा प्रकार लागतो, हे इथे लगेच कळतं.

मग टायमिंग रिपोर्ट. नव्या सर्किटची वाट सगळ्यांत लांब ठरली, तर क्लॉक मंदावतो आणि साध्या बेरजेलाही भुर्दंड पडतो. एक्सऑरचे थर मोजकेच, म्हणून निभावतं. मोठा गुणाकार आणि बेरीज एकाच सायकलमध्ये कोंबली, तर बहुधा दोन-तीन सायकलमध्ये वाटावी लागते.

शेवटी सायकल मोजणारा एमसायकल काउंटर आधी आणि नंतर वाचून वजाबाकी करायची. आता लूपचा वेळ मुख्यतः मेमरीतून डेटा उचलण्यात जातो. इन्स्ट्रक्शन आणखी चलाख करून काही पदरात पडणार नाही. शिवाय सीआरसी एकूण वेळेच्या ६० टक्के असेल, तर तो शून्यावर आणूनही अख्ख्या कामाचा वेग अडीचपटच होतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद याच जातीचा. म्हणून पुढचं इन्स्ट्रक्शन सुचलं, तरी आधी प्रोफाइल नव्याने काढायचं, आणि त्यात एकही लूप ठळक दिसत नसेल तर हात आवरता घ्यायचा.