दोन खांद्यांमधली फट

मुलाला सरावाला सोडायला जायचो, तेव्हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे नुसती धडकाधडकी असंच वाटायचं. टेक्सासमधल्या त्या शाळेच्या मैदानावर एका संध्याकाळी रेंगाळलो आणि मत बदललं.

बचाव करणाऱ्या संघाने ‘मॅन कव्हरेज’ लावलं की पास झेलणाऱ्या प्रत्येक रिसीव्हरच्या मागे एकेक जण सावलीसारखा लागतो. पाठलाग करणारा तेवढाच चपळ असेल, तर नुसतं पळून रिसीव्हर सुटत नाही. मग वाटच अशी आखायची की पाठलाग करणाऱ्याला वळसा पडावा.

अशा एका आखणीचं नाव ‘मेश’. दोन टोकांचे दोन रिसीव्हर साधारण सहा यार्ड पुढे, मधोमध एकमेकांना छेदून जातात. “जाता जाता टाळी देता आली पाहिजे,” प्रशिक्षक बजावत होते. पहिल्या वेळी दोघांत हातभर फट राहिली आणि बचावपटू तिच्यातून आरामात निसटला. पुन्हा. पुन्हा. शेवटी खांद्याला खांदा घासून गेला, आणि मागच्याला दोन पावलांचा वळसा पडला. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तेवढी दोन पावलं पुरतात. मुद्दाम आडवं जाऊन धडक दिली, तर मात्र दंड.

समोर मॅन आहे हे ओळखायचं कसं? चेंडू हलण्याआधी एक रिसीव्हर आडवा पळवायचा. त्याच्यामागे कुणी धावलं, तर बहुधा मॅन. मग छेदल्यावर पळतच राहायचं. सगळे जागेवर राहिले, तर झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव. मग मोकळी जागा बघून थांबायचं.

ब्रिगहॅम यंग विद्यापीठातली ही चाल प्रशिक्षक हॅल ममी आणि माइक लीच यांनी आपल्या ‘एअर रेड’ पद्धतीत आणली. लीच यांनी २००० ते २००९ या काळात ती इथेच, टेक्सास टेकमध्ये रुजवली.

आडोशाच्या अशा वाटा फसतातही. फेब्रुवारी २०१५च्या सुपर बोलमध्ये सीॲटलला विजयासाठी एकच यार्ड हवं होतं. न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागीच रोखून धरलं. आडोसा उभाच राहिला नाही. माल्कम बटलर सरळ घुसला आणि पास त्याच्याच हाती लागला.

शाळेच्या मैदानावर त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी चेंडू आणलाच नाही. तासभर मुलं समोरच्याचे हात चुकवत फक्त पहिली तीन पावलं टाकत होती.