धूर चंद्रपूरला निघतो, पण किती?

“शेवटी वीज कोळशाचीच ना? धूर इथे निघण्याऐवजी चंद्रपूरला निघतो, एवढाच फरक!” इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याने आकडे मात्र कधी कागदावर मांडलेले नसतात, आणि वैताग येतो तो याचाच. तर मांडूनच बघू.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (पेट्रोल जेमतेम पाऊण किलोचं, बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी किलोमीटरमागे 153 ग्रॅम सोडते. तेल उपसणं, रिफायनरी, टँकर यांचा वाटा कोणी धरतच नाही. तो धरला की आकडा 180 च्या पुढे जातो.

आता वीज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023-24 च्या आकडेवारीत ग्रिडमधल्या युनिटमागे सरासरी सुमारे 0.73 किलो उत्सर्जन आहे. चंद्रपूरचा कोळसा त्यात आलाच! युनिटला 7 किलोमीटर धरले तर 104 ग्रॅम. वीजवहनातली गळती, चार्जिंगमधली घट, कोळशाची खाण हे सगळं मिळवलं तरी दीडशेच्या आसपास. अंतर प्रचंड नाही, पण उलटं तर मुळीच नाही. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तशी हीच गाडी आणखी स्वच्छ होत जाईल. पेट्रोल गाडीला ती सोय नाही.

“आणि बॅटरी बनवताना?” होतं की उत्सर्जन, आणि बरंच होतं. पण त्याचा जो आकडा अजून फिरतोय, तो स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेच्या 2017 च्या अहवालातला: बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे 150 ते 200 किलो. त्याच संस्थेने 2019 मध्ये तो 61 ते 106 वर आणला. ही दुरुस्ती मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशनने 2021 मध्ये बॅटरीसकट गाडीच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब केला. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा भारतात 19 ते 34 टक्के कमी भरलं, युरोपात 66 ते 69 टक्के.

बॅटरी तीन-चार वर्षांत संपते? बऱ्याच कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. जुनी बॅटरी कचऱ्यात जाते? 2022 च्या नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापरात आणायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

आणि ‘शून्य उत्सर्जन’ असं छातीठोक सांगणारे विक्रेतेही चूकच सांगतात. एकट्यासाठी दोन टनांची एसयूव्ही फिरवली, तर ती विजेवरची असली तरी तिचं उत्सर्जन लोकलच्या प्रवाशापेक्षा कितीतरी जास्तच राहतं.