‘समुद्रबूड जमीन’ आणि ‘सागरी डोह’

सागरतळावरील भूरूपांना मराठीत जी नावे रूढ झाली आहेत, त्यांत ‘समुद्रबूड जमीन’ ही संज्ञा मला सर्वांत सरस वाटते. खंडाच्या किनाऱ्यापासून मंद उताराने, सामान्यतः २०० मीटर खोलीपर्यंत गेलेला भाग तो हा. यातील ‘बूड’ केवळ अलंकारासाठी आलेले नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, अखेरचे हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. या भागाचा मोठा पट्टा तेव्हा खरोखरच जमीन होता. मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात १९७४ साली जेथे तेल सापडले, तेथील पाणी अवघे ७५ मीटरांच्या आसपास खोल आहे, हे ध्यानात घ्यावे.

मात्र हीच संज्ञा कायद्याच्या भाषांतरात योजणे धोक्याचे होय. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्रकायद्यात त्याच इंग्रजी नावाखाली खंडान्त उतार आणि त्याच्या पायथ्याचा गाळाचा चढही येतो, आणि हक्काची मर्यादा किमान २०० सागरी मैल धरली जाते. हा उतार तर त्या हिमयुगातही पाण्याखालीच होता. तेथे ‘भूखंडमंच’ हा रुक्ष शब्दच बरा.

‘सागरी डोह’ या संज्ञेविषयी मात्र माझी तक्रार आहे. क्रमिक पुस्तके कमी खोल ते डोह व अधिक खोल, लांबट ती गर्ता असा भेद करतात; पण डोह म्हणताच नदीचे संथ, गोलसर पाणी डोळ्यांपुढे येते, आणि संस्कृत ‘गर्त’ म्हणजेही खड्डाच. मरियाना गर्ता सुमारे ११,००० मीटर खोल खरी, परंतु ती अडीच हजार किलोमीटर लांबीची, चंद्रकोरीसारखी वळलेली आहे. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, त्या शिवणीची ती रेघ होय. अशा आकृतीला शेतकऱ्याचा ‘चर’ हा शब्द अधिक शोभला असता. तो माणसाने खणलेला व लहान असतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण इंग्रजी संज्ञाही मूळची खणलेल्या चराचीच आहे.

हा वाद निव्वळ शब्दांचा नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रापासून अंदमानपर्यंत अशाच एका चराच्या कडेने भूकवच हजाराहून अधिक किलोमीटर फाटत गेले. ज्याच्या मनात डोहाचे चित्र ठसले आहे, त्या विद्यार्थ्याला ही लांबी कोठून आली, हे उमगत नाही. वर्गात मला तो प्रश्न एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे.