जातं गहाण ठेवू नये : ख्रिस्ती विचारातली संपत्ती, श्रम आणि कर्ज

ख्रिस्ती अर्थविचार म्हटलं की आपल्याला दानधर्म आठवतो, मिशनचे दवाखाने आठवतात. ते आहेच. पण हदगावच्या माणसाला या विचाराशी ओळख करून द्यायची तर आम्ही कर्जापासून सुरुवात करू. मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी पैसा उचलणं काय असतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात एक नियम येतो. कर्जापोटी कुणाचं जातं गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नये. का? तर तसं करणं म्हणजे त्या माणसाचा जीवच गहाण घेणं. आता बघा, इथे कर्ज देऊ नका असं म्हटलेलं नाही, तारण घेऊ नका असंही नाही. ज्या साधनावर माणूस रोजची भाकरी मिळवतो त्याला हात लावू नका, एवढंच म्हटलेलं आहे. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही, कलम ६० मध्ये, शेतकऱ्याची अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं यांना जप्तीतून सूट आहे. दोन्हींमागचा विचार एकच: कर्ज फेडायचं तर आधी माणूस कामावर उभा राहिला पाहिजे.

मग जमिनीचं काय? ‘लेवीय’ ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितलं आहे की जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती देवाची. माणसं तिच्यावर कुळासारखी राहतात. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, ती मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून किंमत ठरायची ती मधल्या पिकांच्या संख्येवर. आपल्या भाषेत सांगायचं तर ती विक्री नव्हेच, लांब मुदतीचा ठोका झाला. हे प्रत्यक्षात कितपत पाळलं गेलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण कल्पना टिकली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या तत्त्वज्ञाने तिला नेमका आकार दिला. मालकी खासगी असावी, कारण आपलं म्हटलं की माणूस नीट सांभाळतो, आणि भांडणंही कमी होतात. वापर मात्र असा असावा की गरजवंताचा त्यात वाटा राहील. उपासमारीने मरणाऱ्याने अन्न उचललं तर ती चोरीच नव्हे, इथपर्यंत तो जातो.

आता व्याज. मध्ययुगीन चर्चने व्याजाला पाप ठरवलं. ११७९ च्या धर्मसभेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनविधीही नाकारला. पण बंदी घातली म्हणून गरज थोडीच संपते! म्हणून पंधराव्या शतकात इटलीत फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांसाठी तारणपेढ्या काढल्या. पेरुजिया शहरातली १४६२ ची. खर्चापुरती थोडी रक्कम ते घेत, त्यावर मोठा वाद झाला, आणि १५१५ साली धर्मसभेने ती रीत मान्य केली. व्याज घ्यावं की नाही, हा प्रश्न मागे पडला. ते कशासाठी घेता, हा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाचं आम्हांला सर्वांत मोलाचं वाटणारं उत्तर जर्मनीत मिळालं. फ्रीड्रिख राइफायझन हा खेड्यांचा कारभार पाहणारा श्रद्धाळू प्रोटेस्टंट माणूस. १८४६-४७ च्या दुष्काळात त्याने श्रीमंतांच्या मदतीने भाकरीची सोय केली. पुढे त्याला कळून चुकलं की दात्यांचा उत्साह ओसरतो, आणि घेणारा घेणाराच राहतो. म्हणून १८६४ मध्ये त्याने कर्ज घेणाऱ्यांनाच सभासद करणारी पतसंस्था काढली. क्षेत्र लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. एकाचं कर्ज बुडालं तर जबाबदारी सगळ्यांची, तीही अमर्याद. उरलेला पैसा सामाईक गंगाजळीत. ‘एकमेकांची ओझी वाहा’ हा उपदेश त्याने हिशेबाच्या वहीत उतरवला, असं आम्ही म्हणू.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला तो याच नमुन्यावर. आणि १९१८ मध्ये वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी कॅथलिक पतसंस्था सुरू केली. सावकाराच्या पाशातून आपल्या माणसांना सोडवणं हा हेतू. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

श्रमाबद्दलही हीच दृष्टी आहे. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे पत्र काढलं. खासगी मालमत्ता रद्द करा, हे समाजवाद्यांचं म्हणणं त्यांनी नाकारलं. पण मजूर कबूल झाला म्हणजे मजुरी न्याय्य झाली, हेही नाकारलं. पोटाला पुरणार नाही असा करार माणूस नाइलाजाने करतो, आणि नाइलाज म्हणजे संमती नव्हे.

याचा अर्थ चर्च कायम गरिबांच्या बाजूने राहिलं, असा काढू नका. युरोपात चर्च स्वतःच शतकानुशतकं मोठं जमीनदार होतं. जुन्या करारानेही स्वकीयाकडून व्याज घ्यायला मनाई केली, परक्याकडून घ्यायला मुभा दिली. आपला कोण आणि परका कोण, हा वाद तिथूनच सुरू झाला.

तरी या परंपरेतून आपल्याला उचलण्यासारखं आहे. आज गावोगावी गटकर्ज मिळतं. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या बायांनी भरायचा. वरून पाहिलं तर हे राइफायझनसारखंच. पण तीन गोष्टी विचारून बघा. संस्था कुणाच्या मालकीची? उरलेला पैसा कुठे जातो? आणि हप्ता थकला तर घरातून काय उचललं जातं? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘आमच्या नाही, आमच्याकडे नाही’ असं आलं, तर जबाबदारी तेवढी सामाईक झाली, संपत्ती झाली नाही. आणि तिसऱ्याचं उत्तर शिलाई मशीन किंवा दुभती म्हैस असं असेल, तर ते जातंच आहे.